एका टर्मपुरती इंडियन

एल्सीआंटी फॉर्म भरत नसत, दुरुस्त करत. मेलबर्नमधल्या आमच्या विद्यापीठाच्या रेकॉर्ड्स विभागात मी काउंटरवर बसायचो, तेव्हा त्या पहिल्यांदा आल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, अंगात पुरुषी ओव्हरकोट, पांढरे केस मागे करकचून बांधलेले. जुनी कागदपत्रं बघायच्या विनंतीचा फॉर्म मी पुढे केला. त्यांनी तो उभ्यानेच वरपासून खालपर्यंत वाचला, पर्समधून पेन काढलं आणि रकाने काटायला सुरुवात केली. 'विनंतीचे कारण' काटलं. 'विद्यापीठाशी नाते' काटलं. मिस, मिसेस असे पर्याय छापले होते ते काटून वर स्वच्छ अक्षरात 'आंटी' लिहिलं. मग फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आता बरा झाला."

मी म्हणालो, रिकामे रकाने कॉम्प्युटर घेत नाही. त्यांनी विचारलं, काय घ्यायचं ते कॉम्प्युटरला कोण सांगतं? मी म्हणालो, आम्हीच. "मग सांग त्याला," त्या म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्यांनी मी कुठला ते विचारलं. इंडियाचा, असं मी सांगितलं.

"मीपण होते इंडियन," त्या म्हणाल्या. "एक टर्म."

मी हसलो. इथली म्हातारी माणसं काउंटरवर वेळ घालवायला काहीही बोलतात. त्या मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तळघरातून रजिस्टर आण, मग हस."

मी रजिस्टर आणलं. मुलींच्या वसतिगृहाचं होतं, इथे वसतिगृहाला कॉलेज म्हणतात. त्यांच्या नावापुढे राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, इंडियन. समोर बसलेली बाई माझ्यापेक्षा उजळ नव्हती, पण ती इंडियन नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं.

एल्सीआंटी ॲबोरिजिनल, म्हणजे या देशाच्या मूळ माणसांपैकी. मरे नदीच्या काठी एका मिशनवर, म्हणजे मूळ माणसांना साहेबाच्या हुकमतीखाली ठेवायच्या वस्तीत वाढलेल्या. साठ वर्षांपूर्वी मिशनवरच्या पोरींनी थोडं लिहायला-वाचायला शिकायचं आणि गोऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला लागायचं, असा रिवाज होता. एका शिक्षिकेने हट्टाने यांना शिकवत ठेवलं आणि यांनी विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळवली. प्रवेशाला कुणाची ना नव्हती. काळ्या माणसाला बंदी असं कुठल्या नियमात लिहिलेलंच नव्हतं. अडचण होती ती कॉलेजमध्ये राहायची. एकत्र जेवण, एकत्र न्हाणीघर. गोऱ्या आईबापांनी आपल्या पोरी काढून नेल्या असत्या.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी वडार समाजाचा. बाप लातूरच्या बाजूला खाणीत दगड फोडायचा, आई खडी वाहायची. आमच्या सात पिढ्यांत मी पहिला ग्रॅज्युएट, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगतो. तालुक्याच्या हॉस्टेलात आमच्या पोरांनी वेगळ्या पंगतीला बसावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी पंगत वेगळीच बसायची.

कॉलेजच्या वॉर्डनबाईंनी तोड काढली. त्या काळी आशियातून काही मुलं-मुली सरकारी योजनेतून शिकायला येत. ती पाहुणी होती, शिकून परत जाणार होती, म्हणून त्यांना मान असे. बाईंनी रजिस्टरमध्ये एल्सीला इंडियन करून टाकलं आणि बजावलं, गाव विचारलं तर कलकत्ता सांगायचं. मी विचारलं, कलकत्ताच का? आंटी म्हणाल्या, बाईंना तेवढं एकच गाव माहीत होतं.

मग एक टर्म त्या कलकत्त्याच्या झाल्या. जेवणाच्या टेबलावर मुली वाघांबद्दल विचारायच्या. आंटींनी जन्मात वाघ बघितला नव्हता. "मी आमच्या मिशनच्या सुपरिंटेंडंटचं वर्णन करायचे," त्या सांगत. "कुठे दबा धरून बसतो, कुणावर झडप घालतो, पोट भरलेलं असलं तरी कसा मारतो. त्यांना पटायचं." हे सांगताना त्या स्वतः खदाखदा हसायच्या आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

टर्म संपत आली तेव्हा त्यांची आई भेटायला आली. मिशनच्या साहेबाकडून परवानगीची चिठ्ठी घेऊन, दिवसभर ट्रेनमध्ये बसून, डोक्यावर हॅट आणि हातात पांढरे मोजे घालून ती कॉलेजच्या मुख्य दरवाजाशी उभी राहिली. वॉर्डनबाईंनी तिला खिडकीतून पाहिलं. मुलीला इंडियन म्हणता येत होतं, आईला म्हणता येईना. बाई स्वतः खाली आल्या, तिला मागच्या बाजूने धुण्याच्या खोलीत घेऊन गेल्या आणि वाटेत भेटलेल्या मुलींना सांगितलं, कपडे धुवायला नवी बाई आली आहे.

आंटींना ती दोन तासांनी सापडली. हॅट घालूनच कुणाच्या तरी चादरींना इस्त्री करत होती. कुणी तिला कर म्हटलं नव्हतं. धुण्याच्या खोलीत उभं केलं, समोर चादरी होत्या, म्हणून तिने इस्त्री उचलली.

"त्या इस्त्रीपर्यंत मी सगळं सोसलं होतं," आंटी म्हणाल्या. एवढंच. पुढचं त्या नेहमी भराभर सांगत. संध्याकाळच्या जेवणाला त्यांनी आईचा हात धरला, मुख्य दरवाजाने हॉलमध्ये नेलं, आपल्या शेजारी बसवलं आणि उभं राहून सगळ्या टेबलांना सांगितलं, "ही माझी आई. आम्ही कलकत्त्याच्या नाही. आम्ही इथल्या, तुमच्या आधीच्या." आईने हातमोजे न काढता सूप संपवलं. पुढच्या आठवड्यात तीन मुलींचे बाप येऊन त्यांना घेऊन गेले. वॉर्डनबाईंनी आंटींनाही जायला सांगितलं. आंटींनी लेखी मागितलं. लेखी द्यायची कुणाची हिंमत झाली नाही, म्हणून त्या राहिल्या. तीन वर्षं राहिल्या, जेवताना दोन्ही बाजूच्या खुर्च्या कायम रिकाम्या राहिल्या तरी शिकल्या आणि पदवी घेऊन शिक्षिका झाल्या. रजिस्टरमधली ओळ मात्र कुणी बदलली नाही.

त्या आमच्या काउंटरवर आल्या त्याला कारण होतं. विद्यापीठाने ठरवलं होतं की वंशभेदाची भिंत ज्यांनी पहिल्यांदा ओलांडली त्यांची नावं मुख्य इमारतीत लावायची. समिती नेमली, समितीने कागद तपासले, आणि कागदावर आंटी इंडियन. कॉलेजात राहिलेली पहिली ॲबोरिजिनल विद्यार्थिनी म्हणून त्यांच्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या बाईंचं नाव निघालं. त्या बाईंनीच समितीला फोन करून झापलं की माझ्या आधी एल्सी होती. मग समितीने आंटींना अगदी गोड पत्र लिहिलं. आपण ॲबोरिजिनल असल्याचं आपल्या समाजाच्या संस्थेचं प्रमाणपत्र जोडावं, केवळ औपचारिकता म्हणून.

आता माझी चूक सांगतो. मला वाटलं, हे तर आपलं काम. लातूरहून इंजिनिअरिंगला जाताना जातपडताळणी समितीने माझ्याकडे आजोबांच्या शाळेचा दाखला मागितला होता. आजोबांनी शाळा बांधायला दगड फोडले होते, आत पाऊल टाकलं नव्हतं. अकरा खेपा घातल्यावर खाणीच्या जुन्या हजेरीपुस्तकात त्यांचं नाव सापडलं, पुढे जात लिहिलेली. त्या एका पानावर मी इंजिनिअर झालो. तेव्हापासून माझी श्रद्धा अशी की फाइल पक्की असली तर देवही नाही म्हणू शकत नाही. एल्सीआंटींची मी अशी फाइल केली की पाहत राहावं. सरकारी अभिलेखागारातून मिशनच्या शिधावाटपाची यादी काढली, बाप्तिस्म्याची नोंद काढली, पानापानाला चिठ्ठ्या लावल्या, वर अनुक्रमणिका. इथे औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टही प्रती साक्षांकित करून देतो. त्याच्याकडून सगळ्यांवर शिक्के मारून घेतले. आणि शनिवारी क्रेगीबर्नच्या माझ्या घरून गाडी काढून प्रेस्टन उपनगरात त्यांच्या घरी गेलो, पेढे घेऊन.

त्यांनी फाइल मांडीवर घेतली. शिध्याच्या यादीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे त्यांच्या आईच्या नावाआधी नंबर होता, पुढे पीठ, साखर, चहा, आणि शेवटच्या रकान्यात अंगात काळं रक्त किती त्याचा हिशेब, निम्मं की पाऊण. त्यांनी फाइल बंद केली.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

मी म्हणालो, कुणी नाही, पण याने काम होईल. प्रमाणपत्राचीही गरज पडणार नाही.

"प्रमाणपत्र?" त्या म्हणाल्या. "बब, प्रेस्टनच्या आमच्या संस्थेचा शिक्का वीस वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होता. शेकडो पोरांना मी सही करून दिलंय. आपल्या माणसांनी आपल्याला ओळखायचं, ते वेगळं. ज्याने माझ्याबद्दल खोटं लिहिलं त्याने मलाच पुरावा मागायचा, हे वेगळं." लहानांना त्या बब म्हणत, चिडल्या असल्या तरी.

मग त्यांनी माझ्या पडताळणीची गोष्ट विचारून घेतली. खेपा, खाण, हजेरीपुस्तक, सगळं मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"त्या समितीतल्या माणसांनी त्यांचे कागद तुला दाखवले?"

अकरा खेपांत हा प्रश्न एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. बाप माझ्याबरोबर त्या ऑफिसच्या बाहेर चप्पल काढून उभा राहायचा, तेव्हाही नाही. आंटींनी फाइल माझ्या हातात दिली. "तू गुणी पोरगा आहेस, पण काम त्यांचं करून आलास. पेढे ठेवून जा."

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळातल्या एका सज्जनांच्या कानावर ही गोष्ट अर्धवट गेली. विद्यापीठाच्या रजिस्टरमध्ये एवढ्या जुन्या काळची इंडियन मुलगी सापडली म्हणून ते हरखले. गणपतीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू म्हणाले. मी खरं काय ते सांगितलं, तरी म्हणाले, अहो, एक टर्म का होईना, आपलं नाव तर लावलं. मी हे आंटींना सांगितलं. त्यांनी विचारलं, माझी आई ट्रेनमधून तुमच्या कलकत्त्याला उतरली असती, तर या लोकांनी तिला कुठल्या दाराने आत घेतलं असतं? हेच सज्जन पहिल्या भेटीत माझं आडनाव तीनदा विचारून गेले होते. मी म्हणालो, आंटी, मागच्याच. "मग नारळ त्यांचा त्यांनाच राहू दे," त्या म्हणाल्या.

समितीच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं ते मी आजही पाठ म्हणून दाखवीन. "आपल्या रजिस्टरप्रमाणे मी इंडियन आहे. कृपया पुरावा दाखवावा. पासपोर्ट, बोटीचं तिकीट किंवा गावाचं नाव, काहीही चालेल. मुदत चौदा दिवस."

समितीने मग आंटींना बैठकीला बोलावलं. जुन्या नोंदींचा माणूस म्हणून मीही गेलो होतो. लांब टेबल, एका बाजूला समितीचे सहा जण, दुसऱ्या बाजूला एकट्या आंटी. अध्यक्षबाई मनाने चांगल्या होत्या, हे मुद्दाम सांगतो. त्या म्हणाल्या, एल्सी, इथे प्रत्येकजण तुमच्याच बाजूचा आहे.

"असं?" आंटी म्हणाल्या. "मग या बाजूला येऊन बसा."

कुणी उठलं नाही. अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. त्या समजावू लागल्या की नियम सगळ्यांना सारखा असतो, आम्ही तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवला तर उद्या कुणीही येईल. आंटी म्हणाल्या की तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवूनच तुम्ही साठ वर्षं मला इंडियन मानलंत. तेव्हा नियम कुठे गेला होता? शेवटी ठरलं की मूळ नोंदीला काय आधार आहे ते रेकॉर्ड्स विभागाने शोधून लेखी कळवावं. म्हणजे मी.

मी तीन दिवस तळघरात होतो. पासपोर्ट नव्हता, तिकीट नव्हतं, कलकत्त्याचं एक चिटोरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वॉर्डनबाईंच्या पत्रव्यवहारात कॉलेजच्या मंडळाला लिहिलेलं एक पत्र सापडलं. मुलगी भारतीय असल्याचं सांगितल्यास पालकांची हरकत येणार नाही, आणि तिची समज चांगली असल्याने ती हे निभावून नेईल, असं त्यात टाइप केलेलं होतं. खाली सही.

माझा मॅनेजर डॅरन वाईट माणूस नाही. तो म्हणाला, मेट, एवढं कशाला वाढवतोस? नोंद आहे तशी ठेव, खाली टीप लिही की या बाईंनी नंतर स्वतःची ओळख ॲबोरिजिनल अशी सांगितली. मी म्हणालो, नंतर नाही, त्या जन्मापासून ॲबोरिजिनलच होत्या. मग तो म्हणाला, बरं, चुकीची नोंद असं लिही. त्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं आणि ते पुढे चालवायचं की नाही हे डॅरनच्या हातात होतं. ते मला माहीत होतं आणि त्यालाही. मी लिहिलं, "नोंदीला कोणताही आधार नाही. नोंद चुकून झालेली नाही. ती जाणूनबुजून खोटी केलेली आहे. सोबत पत्र." डॅरनने दोनदा वाचलं, नाक खाजवलं आणि सही केली. कॉन्ट्रॅक्टचं पुढे काय झालं ते विचाराल, तर सहा महिन्यांचं मिळालं, तीन वर्षांचं मागितलं होतं.

समितीने प्रमाणपत्राची अट काढून टाकली. अध्यक्षबाईंनी स्वतः फोन केला, क्षमा मागितली आणि म्हणाल्या की भिंतीवर तुमचं नाव पहिलं. आंटींनी क्षमा बाजूला ठेवायला सांगितली. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. खोटी ओळ खोडून नाहीशी करायची नाही, एक रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. आणि कार्यक्रमात कॉलेजच्या आत्ताच्या प्राचार्यांनी ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. प्राचार्य तयार होईनात. म्हणाले की गतकाळातल्या व्यक्तीला असं उघडं करणं बरं दिसत नाही. आंटींनी निरोप धाडला, "लाज ज्याची त्याने वाहावी. मी साठ वर्षं वाहिली, खांदा दुखतो."

प्राचार्यांनी वाचलं. हॉल भरलेला होता, आंटींचा सगळा गोतावळा पुढे बसला होता, लेकरं, नातवंडं, पणतवंडं. 'ती हे निभावून नेईल' या ओळीशी प्राचार्य अडखळले आणि त्यांना ती पुन्हा वाचावी लागली. टाळ्या झाल्या. आंटींनी वाजवल्या नाहीत. त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं, तेव्हा माइक हातात घेऊन त्यांनी खरोखरच दोन वाक्यं म्हटली. "एक रजिस्टर झालं. बाकीची कुठे ठेवलीत?"

लोकांना वाटलं, म्हातारीने जाता जाता टोला मारला. मला दुसऱ्या दिवशी कळलं की ते कामाचं बोलणं होतं. गुरुवारी सकाळी त्या डबा घेऊन तळघरात हजर. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या बाईंनी मला इंडियन केलं त्यांना ती युक्ती कुणीतरी शिकवली असणार, आणि शिकवली असेल तर ती दुसऱ्या कॉलेजांतही चालली असणार. मग दर गुरुवारी आम्ही जुनी रजिस्टरं चाळत बसलो. परदेशी म्हणून नोंद आहे, पण पासपोर्टचा नंबर नाही, अशी नावं काढायची. न्यूझीलंडची माऊरी, इटालियन, एक चक्क स्पॅनिश. प्रत्येक वेळी मी घाईने टिपण करायला लागलो की त्या माझ्या हातावर हात ठेवत. त्यांचा नियम होता, माणसाला विचारल्याशिवाय ओळीला हात लावायचा नाही. कुणी त्या नावाखाली संसार केला असेल, पोरं वाढवली असतील. "वॉर्डनने न विचारता लिहिलं. आपण न विचारता खोडलं तर आपणही वॉर्डनच." दोन घरांत आम्ही विचारलं. एका घरच्यांनी हो म्हटलं, रेघ मारली. दुसऱ्या घरच्यांनी दार लावून घेतलं. आंटी म्हणाल्या, तो त्यांचा हक्क, आणि मला गाडी चालू करायला सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. घरच्यांनी सांगितलं की काही महिने त्यांचं नाव घ्यायचं नाही, फोटो लावायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. विद्यापीठाला श्रद्धांजली छापायची घाई होती, तिथे मी आडवा आलो. ते महिने उलटल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला, आता बोल, लिही, तिला आवडेल. म्हणून हे लिहितोय.

गुरुवारचं काम मी सोडलेलं नाही. मागच्या महिन्यात मी एका बाईंना फोन केला. रजिस्टरमध्ये त्या इटालियन आहेत, आता पर्थजवळ मुलाकडे राहतात. मी कोण, कशासाठी फोन केला ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की नको म्हणालात तर मी फोन ठेवीन आणि हे पान बंद करीन. त्यांनी हळूच विचारलं, हो म्हणायचं झालं तर कुठकुठले कागद पाठवावे लागतील? माझ्याकडे आता काही राहिलेलं नाही.

"तुम्ही काही पाठवायचं नाही," मी म्हणालो. "कागद त्यांनी आणायचे."